घर, काम आणि उंबरठा : कुपवाडच्या दाखल्यावरून एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

घरी राहून नोकरीचे काम करावयाचे आणि तसे करीत असताना नोकरी व संसार यांची सरमिसळ होऊ द्यावयाची नाही, हा प्रश्न वरवर पाहता भाषाशास्त्राच्या कक्षेत येत नाही. तो अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा किंवा फार तर आरोग्यशास्त्राचा विषय समजला जातो. तथापि ‘मी आता कामावर आहे’ आणि ‘मी आता घरचा आहे’ हे माणूस स्वतःला व इतरांना कशाच्या साहाय्याने कळवितो, असे विचारले असता उत्तराचा बराच मोठा भाग भाषेकडे येतो. कचेरीची इमारत, तेथे जाण्याचा रस्ता, तेथील खुर्ची आणि घड्याळ या गोष्टी असतात तोवर भाषेने केलेले हे कार्य आपल्या ध्यानात येत नाही. त्या नाहीशा झाल्या म्हणजे ते उघडे पडते.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्या एकाच आठवड्यात असे घडले. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत काम करणारे सातारा-सांगलीकडील पुष्कळ तरुण आपापल्या गावी परतले आणि सोप्यात, माडीवर, क्वचित धान्याच्या कोठीतदेखील टेबल मांडून काम करू लागले. महाविद्यालयेही बंद झाली व आम्हा अध्यापकांचे वर्ग घरातून भरू लागले. टाळेबंदी उठली, परंतु घरून काम करण्याची पद्धत काही व्यवसायांत पूर्णपणे किंवा अंशतः राहिली. आणि ज्या व्यवसायांत ती राहिली नाही तेथेही कामाचे निरोप रात्री-अपरात्री घरात येण्याची वाट एकदा मोकळी झाली ती पुन्हा बंद झाली नाही.

त्या दिवसांतील एक साधा प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या स्मरणात आहे. पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी द्वैभाषिकतेवर प्रमाण मराठीत उत्तर देत होती. मध्येच तिच्या आजीने आतून काही विचारले. ध्वनिक्षेपक सुरू आहे हे विसरून तिने दोन वाक्ये कानडीत उत्तर दिले आणि लगेच, सोडलेल्या वाक्याच्या मध्यापासून, मराठीत पुढे बोलू लागली. वर्ग हसला, ती ओशाळली. वस्तुतः ओशाळण्यासारखे तिच्याकडून काहीच घडले नव्हते. घर आणि वर्ग एकाच खोलीत आले असता त्या दोहोंत उंबरठा उभा करण्याचे जे एकच साधन तिच्यापाशी उरले होते, ते तिने अचूक वापरले. सांगली जिल्ह्याच्या भाषिक इतिहासात या साधनाचा एक प्रसिद्ध दाखला आहे. त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या शब्दसंग्रहातील साक्ष पाहणे उपयुक्त होईल.

२. शब्दांची साक्ष

घर आणि कामाची जागा निरनिराळी असणे ही मानवी इतिहासातील नित्याची स्थिती नव्हे. घरसंसार व धंदा यांची फारकत होणे, त्यांची जागा आणि हिशेब वेगळे होणे, हे आधुनिक उद्यमाचे एक प्रमुख लक्षण म्हणून माक्स वेबर यांनी सांगितले आहे. अधिकाऱ्याची कचेरी त्याच्या खाजगी निवासापासून अलग असणे हे त्यांच्या मते आधुनिक नोकरशाहीचेही लक्षण होय. त्यापूर्वीची स्थिती आपल्याकडील शब्द अजून सांगतात.

‘दप्तर’ हा शब्द घ्या. तो फारसीतून मराठीत आला आणि त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत नेले जाते. मराठीत त्याचा अर्थ कागदपत्रांचा संग्रह, ते कागद बांधून ठेवण्याचे कापड, ते जेथे ठेवतात ती कचेरी आणि शेवटी शाळेत जाणाऱ्या मुलाची पिशवी असा फिरत आला आहे. या सर्व अर्थांत दप्तर ही उचलून नेता येणारी वस्तू आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. गावचा कुलकर्णी आपले दप्तर बहुधा स्वतःच्या घरीच ठेवीत असे. गावाची चावडी वेगळी होती, तरी लेखनाचे काम कुलकर्ण्याच्या सोप्यात चाले. मुंबई राज्याने १९५० साली कायदा करून कुलकर्णी वतने रद्द केली आणि त्यानंतर हे काम पगारी तलाठ्याकडे गेले. म्हणजे, ज्याला आज आपण ‘घरून काम’ म्हणून नवे समजतो, ते आपल्या गावगाड्यातील कारभाराचे एक जुने अंग होते. सुतार, सोनार, कुंभार, शिंपी यांच्याविषयी तर सांगावयासच नको.

तरीही त्या घरांत सीमा नव्हत्या असे नाही. दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या घराची रचना म्हणजे या सीमांची एक उतरंडच होय. जोते चढले की सोपा, त्याच्या आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परडे. मोठ्या वाड्यात सोप्यापूर्वी ढेलज व सदर. कामासाठी आलेला मनुष्य सोप्यापर्यंत येई. पाव्हणा माजघराच्या दारापर्यंत. आतील भाग आप्तांचा. ‘सोप्यात बसा’ या दोन शब्दांत स्वागत आणि मर्यादा दोन्ही सामावलेली असत. पेढीवाला सावकार एकाच छपराखाली व्यापारी आणि कुटुंबप्रमुख असे. परंतु तो गादीवर बसला आहे की आत पाटावर, यावरून त्याच्याशी काय बोलावे व कोणत्या स्वरात बोलावे हे ठरत असे.

कामाचे नाव घराचे नाव झाल्याची उदाहरणेही याच भागात मिळतात. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. पुढे त्या घराण्यातील कारागिरांचे आडनावच ‘सतारमेकर’ असे रूढ झाले आणि त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली हे नाव मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या कारागिरीच्या जोरावर २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. येथे भोपळा कापणे, दांडी तासणे, जवारी लावणे ही कामे घरातील मूल जन्मापासून पाहते. ज्या घराचे आडनावच काम आहे, त्या घरात ‘काम व घर वेगळे ठेवा’ हा उपदेश कोणी कोणास करावयाचा ?

३. ज्या ठिकाणी फारकतच नको होती

सातारचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे आहे आणि आपल्या व्यवसायाशी त्याचा निकटचा संबंध आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली तिचे ठाणे सातारला आणले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. वसतिगृहात धान्य संपले असता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. लक्ष्मीबाई १९३० साली निवर्तल्या.

या घरात संस्था आणि संसार यांच्यामध्ये भिंत नव्हती, कारण ती असू नये असाच त्या कार्याचा अर्थ होता. जातीजातींच्या स्वयंपाकघरांमधील भिंती पाडावयाच्या तर आपल्याही घराची एखादी भिंत पाडणे आले. या त्यागाचे मोल कमी लेखण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. परंतु त्यातून आमच्या भागातील शिक्षकाच्या मनात एक आदर्श रुजला आणि ‘आता माझी वेळ संपली’ असे म्हणणे त्याला काहीसे अपराधासारखे वाटू लागले, हेही नमूद केले पाहिजे. स्वेच्छेने भिंत पाडणे आणि दुसऱ्याने ती पाडलेली मुकाट्याने पाहणे यांत मोठे अंतर आहे. रात्री दहा वाजता माहितीचा तक्ता मागणारा निरोप येतो, तेव्हा त्याच्या मागे रयतेचे कल्याण असतेच असे नाही; पुष्कळदा केवळ दुसऱ्या कोणा कचेरीची घाई असते.

४. कुपवाडचा दाखला

आता मुख्य दाखल्याकडे वळू. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावच्या भाषाव्यवहारावर लिहिलेला निबंध १९७१ साली डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या ग्रंथात प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून भाषासंपर्काच्या अभ्यासात कुपवाडचे नाव जगभर घेतले जाऊ लागले. त्या वेळी हे सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे होते. जैन शेतकऱ्यांची भाषा कानडी, मुसलमानांची उर्दू, भूमिहीन मजूर वर्गाची मराठी, आणि दोर वळणाऱ्या काही कुटुंबांची तेलुगू. बहुतेक पुरुष एकाहून अधिक भाषा बोलत आणि दिवसातून अनेक वार एकीतून दुसरीत जात.

अशा नित्याच्या देवघेवीचा परिणाम असा झाला की या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या अगदी जवळ आली. ‘हे घर तुमचे’ असे प्रमाण कानडीत क्रियापदावाचून म्हणता येते. कुपवाडच्या कानडीत तेथे ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद येऊ लागले. प्रमाण उर्दूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. कुपवाडच्या उर्दूत तो आला. एका भाषेतील वाक्यात शब्दाच्या जागी शब्द घातला की दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार व्हावे, इतपत हे साम्य असल्याचे त्या निबंधात दाखविले आहे. मग प्रश्न असा की, व्याकरण इतके एक झाल्यावर शब्दसंग्रह वेगळा का राहिला ? चार भाषांची एक भाषा का झाली नाही ?

गंपर्झ आणि विल्सन यांनी दिलेले उत्तर आपल्या विषयाला थेट लागू पडणारे आहे. गावाचा सार्वजनिक व्यवहार आणि आप्तांमधील खाजगी व्यवहार यांत या समाजाने काटेकोर अंतर पाळले होते. शेतावर, बाजारात, भिन्न समाजांच्या बैठकीत मराठी चाले. कारण ती तेथील दोन्ही जमीनदार गटांपैकी कोणाचीही घरची भाषा नसल्याने कोणाचा वरचष्मा सूचित करीत नसे. उंबरठ्याच्या आत मात्र कानडी किंवा उर्दू. दिवसभराच्या सहवासाने व्याकरण एक होत गेले तरी ‘आता मी घरच्या माणसांत आहे’ ही खूण टिकविण्यासाठी घरचे शब्द टिकविले गेले.

या निष्कर्षात आपल्या प्रश्नासाठी एक महत्त्वाची शिकवण आहे. घर आणि काम यांना वेगळे ठेवण्यासाठी सर्व काही वेगळे असावे लागत नाही. त्याच माणसाने, त्याच गावात, जवळजवळ त्याच व्याकरणाने दोन्ही व्यवहार केले तरी चालतात. परंतु एक खूण अशी लागते की जी दोन्ही बाजूंना स्पष्ट कळेल आणि जिचा भंग सहसा होणार नाही. सीमा जितकी झिरपती, तितकी तिच्यावरील खूण ठळक असावी लागते.

या दाखल्याला दोन पुरवण्या जोडणे आवश्यक आहे. पहिली शास्त्रीय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडची पाहणी करून वरील नमुन्याची चिकित्सा केली असून त्यांचा लेख २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. मूळ निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याने तोही अवश्य वाचावा. कारण कुपवाड आता ते खेडे राहिलेले नाही. तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९९८ साली सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली.

दुसरी पुरवणी सामाजिक आहे. कुपवाडच्या उंबरठ्याने घराचे खाजगीपण जपले हे खरे, परंतु तोच उंबरठा जातीचाही होता. शेतावर ज्याच्याशी मराठीत बोलावयाचे त्या मजुराला घराच्या भाषेत प्रवेश नव्हता, कारण त्याला घरातच प्रवेश नव्हता. म्हणून जुन्या घराच्या सीमांचे गुणगान करताना त्या सीमेबाहेर कोण उभे होते याचा विसर पडू देता कामा नये. सातारच्या वसतिगृहाने पाडली ती भिंत याच जातीची होती.

५. उंबरठ्यावरील उक्ती

भिन्न भाषा बोलणाऱ्या घरांना ही खूण आयती मिळते. एकाच भाषेत घर आणि कचेरी चालविणाऱ्या मराठी माणसाने काय करावे ? येथे दुसरा एक दाखला उपयोगी आहे. यान-पेटर ब्लोम आणि गंपर्झ यांनी उत्तर नॉर्वेतील एका लहान गावाविषयी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे निरीक्षण नोंदविले आहे की, गावच्या कचेरीत आलेला मनुष्य कारकुनाशी नमस्कार-चमत्कार व घरची विचारपूस गावच्या बोलीत करतो आणि कामाची गोष्ट निघाली की दोघेही प्रमाण भाषेकडे वळतात. टेबल तेच, माणसे तीच. परंतु बोलण्याचा बाज बदलताच व्यवहार बदलतो. आमच्या तालुक्याच्या कचेरीत ‘काय पाव्हणं, कवा आलासा ?’ येथून ‘अर्ज केला आहे का ?’ येथपर्यंतचा प्रवास ज्याने ऐकला आहे, त्याला हे नॉर्वेचे गाव फार दूरचे वाटणार नाही.

जॉशुआ फिशमन यांनी १९६५ पासून भाषाव्यवहाराच्या क्षेत्रांची जी कल्पना मांडली तीत माणसे, स्थळ आणि विषय असे तीन घटक येतात. कचेरीत हे तिन्ही एकमेकांशी जुळतात : सहकारी, कचेरी, काम. घरातही जुळतात : आप्त, घर, संसार. घरून काम करताना मात्र स्थळ घराचे, विषय कामाचा आणि माणसे दोन्हीकडची अशी विसंगती निर्माण होते. या विसंगतीमुळे येणारा थकवा आळसातून आलेला नसतो. एकाच वेळी दोन क्षेत्रांचे संकेत पाळावे लागत असल्याने तो येतो.

शिवाय घरून काम करताना काही उक्तीच नाहीशा होतात. मराठी माणूस घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ हे अशुभ मानले जाते. संध्याकाळी परतल्यावर ‘आलो’ म्हणतो, आणि आतून ‘चहा टाकते’ असे उत्तर येते. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही केवळ माहिती देणारी वाक्ये नव्हेत. ती उच्चारणे हेच एक कृत्य आहे. ‘येतो’ म्हटल्याने माणूस घराच्या हक्कातून काही तासांपुरता सुटतो आणि ‘आलो’ म्हटल्याने पुन्हा त्या हक्काखाली येतो. दुकानदाराचीही अशीच उक्ती आहे. दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर जुना व्यापारी दुकान ‘बंद केले’ असे म्हणत नसे, ‘वाढविले’ म्हणे. जसा नारळ वाढवितात, दिवा वाढवितात. संपणे या अशुभाला दिलेले हे शुभ नाव होय. परंतु त्यामुळे संपण्याला एक विधी लाभला. कारखान्यात हेच काम भोंगा करी आणि ‘पाळी सुटली’ हे शब्द करीत.

माडीवर बसून संगणकावर काम करणारा तरुण कोणास ‘येतो’ म्हणत नाही, आणि रात्री झाकण मिटताना दुकान वाढवीतही नाही. म्हणून घरच्यांच्या लेखी तो दिवसभर घरीच असतो आणि कचेरीच्या लेखी रात्रभर कचेरीतच.

६. ‘घरी असणे’ आणि ‘काही न करणे’

यात भर पडते ती आपल्या भाषेतील एका जुन्या अर्थसंकेताची. ‘घरी बसला’ म्हणजे बेकार झाला; ‘घरी बसविले’ म्हणजे कामावरून काढले; ‘घरीच असतो’ म्हणजे काही करीत नाही. टाळेबंदीत गावी परतलेल्या तरुणाकडे शेजारी याच दृष्टीने पाहत आणि ‘घरीच हाय न्हवं ? मग बाजारातनं एवढं आण’ असे सहज सांगत. सांगणाऱ्याचा दोष नव्हता. त्याची भाषा त्याला तेवढाच अर्थ देत होती.

या संकेताचा खरा भार मात्र स्त्रियांवर आहे. ‘काम’ हा शब्द ‘कर्म’, ‘कम्म’ या मार्गाने आलेला. त्यात पगाराचा उल्लेख नाही. तरीही ‘ती काम करते’ आणि ‘ती घरी असते’ ही वाक्ये आपण परस्परविरोधी म्हणून वापरतो, आणि जे घरात होते त्यास ‘घरकाम’ असे वेगळे नाव देऊन कामाच्या मोजणीतून वगळतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळून आले. तीनशे मिनिटे म्हणजे पाच तास. नोकरी करणारी स्त्री घरून काम करू लागली, तेव्हा या पाच तासांना कचेरीचे आठ तास येऊन मिळाले आणि मधला प्रवासाचा तासही, जो कंटाळवाणा का होईना पण तिचा स्वतःचा होता, नाहीसा झाला. ‘घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण तिने रचलेली असावी असे वाटते.

कायद्याने या बाबतीत पूर्वीच एक पाऊल टाकले होते. १९६६ साली झालेल्या विडी व सिगार कामगारांविषयीच्या कायद्याने, कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणारी स्त्रीही कामगारच होय असे मान्य केले. घरात केले म्हणून काम हे काम राहत नाही असे नाही, हे तत्त्व विडीकामगार स्त्रियांसाठी मान्य झाले. सुशिक्षितांच्या घरांत ते अजून पुरते पोचलेले दिसत नाही. आमच्या कित्येक संशोधक विद्यार्थिनी प्रबंधाचे लेखन स्वयंपाकघरातील ओट्यावर, सर्वांची जेवणे झाल्यावर करतात. त्यांची प्रगती मंद का, असे विचारण्यापूर्वी त्यांना बसावयास घरात जागा कोणती, हे विचारणे न्याय्य होईल.

७. काही व्यवहार्य निष्कर्ष

वरील विवेचनातून चार गोष्टी निघतात असे वाटते.

पहिली, जागा लहान चालेल पण ठरलेली असावी. वेगळी खोली प्रत्येकास मिळणार नाही. परंतु सोप्याचा एक कोपरा, एक सतरंजी, एक विशिष्ट खुर्ची यांनाही खूण होता येते. पेढीवाल्याची गादी याहून मोठी नव्हती. मात्र तेथे बसलेल्या माणसाला उठवू नये, आणि तेथून उठलेल्या माणसाला कामाचे विचारू नये, हा नियम घराने व कचेरीने दोघांनीही पाळला पाहिजे.

दुसरी, आरंभ आणि शेवट यांचा उच्चार व्हावा. घरातल्या घरात ‘बसतो आता’ आणि ‘झालं माझं’ एवढे म्हटले तरी पुरते. हे वाक्य स्वतःशी पुटपुटून भागत नाही; ते कोणीतरी ऐकले पाहिजे, कारण उक्तीला कृत्याचे बळ श्रोत्यामुळे येते.

तिसरी, निरोपाचे माध्यम व भाषेचा बाज वेगळा राखावा. ज्या भ्रमणध्वनीच्या ज्या गटात भाचीच्या बारशाची छायाचित्रे येतात, त्याच्याच शेजारच्या गटात परीक्षेचे आदेश येत असतील तर कुपवाडच्या शेतकऱ्यापाशी असलेली खूणही आपणापाशी उरत नाही. येथे एका सर्वनामाकडे लक्ष वेधावेसे वाटते. वरिष्ठाचा निरोप पुष्कळदा ‘आपण हे आज रात्री संपवून टाकू’ असा येतो. मराठीतील ‘आपण’ हे श्रोत्याला सामावून घेणारे आहे. घरात, मैत्रीत त्याची गोडी आहे. परंतु रात्री जागणारा एकटाच असेल, तर त्या वाक्यातील ‘आपण’ हा घरच्या भाषेचा कामासाठी केलेला वापर होय. तेथे ‘तुम्ही हे उद्या अकरापर्यंत द्यावे’ हे रूक्ष वाक्य अधिक प्रामाणिक आणि अधिक सौजन्याचे ठरते. औपचारिकता ही नेहमीच दुरावा नसते. ती कित्येकदा दुसऱ्याच्या घराविषयीचा आदर असतो.

चौथी, हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या शिस्तीवर सोडता येणार नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या कामगाराच्या हक्काला कायद्यात स्थान मिळाले. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे अशासकीय विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही. कायदा होवो अथवा न होवो, एखाद्या विभागाला स्वतःपुरता संकेत ठरविण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. संध्याकाळी ठराविक वेळेनंतर विद्यार्थ्याने मार्गदर्शकास व मार्गदर्शकाने विद्यार्थ्यास कामाचा निरोप पाठवू नये, एवढे जरी आपण आपल्यात ठरविले, तरी आरंभ होईल. यात विद्यार्थ्याचे हित अधिक आहे; कारण मार्गदर्शकाचा रात्रीचा निरोप नाकारण्याची मुभा त्यास नसते.

८. उपसंहार

घर आणि काम यांची पूर्ण फारकत व्हावी असे येथे सुचविलेले नाही. मिरजेच्या कारागिराचे मूल तंबोऱ्याच्या भोपळ्याशेजारी वाढले नसते तर ती विद्या टिकती ना. आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या घराचे दार मोजूनमापून उघडले असते तर सातारच्या शिक्षणाचा इतिहास निराळा झाला असता. दार असावे, ते उघडताही यावे आणि लावताही यावे. मात्र ते केव्हा उघडावयाचे हे ज्याचे घर त्याने ठरवावे, एवढेच म्हणणे आहे.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने पुढे आपला लघुप्रबंध घरातील कानडी व बाहेरील मराठी यांवरच लिहिला. तोंडी परीक्षेच्या वेळी, तेव्हा वर्ग पुन्हा विभागात भरू लागले होते, ती निघताना आजीला कानडीत काय म्हणाली असे तिला विचारले. कानडीतही निघताना ‘जाऊन येते’ असेच म्हणतात, असे तिने सांगितले.